लूम कुठे बंद पडला

भिवंडीजवळच्या वळ गावात निशा तरेच्या घरामागच्या खोलीत 'मिक्सिंग' चालायचं. आमच्याकडे लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग म्हणजे मिक्सिंग. तिचा नियम एकच, आलेला एकही पाहुणा कापायचा नाही. "सर, आत्या कापली तर वर्षभर फोन येतात. नवरा-नवरी कापले तरी एक वेळ चालतील," असं म्हणून ती मोठ्यानं हसायची.

२००५ साली मी, म्हणजे भिवंडीच्या शाळेतला भूगोलाचा मास्तर आल्हाद, आयुष्यातला पहिला सिनेमा काढला. एक आई आणि घर सोडून निघालेला तिचा मुलगा, एवढीच गोष्ट. पैसे घातले रामनाथशेठनी, मानकोलीला त्यांची गोदामं आहेत. दिवाळीच्या सुट्टीत शूटिंग उरकलं आणि बेचाळीस टेपा पिशवीत घालून मी मुंबईतल्या एडिटरांचे उंबरठे झिजवू लागलो. कुठलं सॉफ्टवेअर बरं, ॲपलचा कॉम्प्युटर हवा की साधा चालेल, यावर मी इतकं वाचलं होतं की सिनेमा कशावर आहे तेच विसरत चाललो होतो.

त्यातल्या एकानं पाच मिनिटं टेप पाहिली आणि विचारलं, "मागे हा आवाज कसला?"

"कसला आवाज?" मी म्हणालो. आणि मग मलाही ऐकू आला. खटाक-खट, खटाक-खट. भिंतीपलीकडचा लूम, म्हणजे यंत्रमाग, प्रत्येक शॉटमध्ये. बारा दिवस आम्ही वीस माणसं तिथं उभी होतो, पण एकाच्याही कानाला तो खटकला नाही. सगळे भिवंडीत जन्मलेले, दुसरं काय होणार!

"सगळं डब करा," तो म्हणाला. पण आईचं काम करणाऱ्या हौसाबाई एकच वाक्य दोनदा सारखं बोलत नाहीत. त्यांना डबिंग शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी तोंड पाडून परत आलो आणि निशापाशी रडगाणं गायलो.

तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला एक सीन द्या. नऊ वर्षं मी दुसऱ्यांच्या लग्नाच्या कॅसेटीत गुलाब उडवतेय. एकदा तरी मला खरंखुरं काही कापायचंय." हे म्हणताना ती हसली नाही.

रामनाथशेठ मात्र खो खो हसले. "लगीनवाली पोर पिच्चर कापनार? मास्तर, आईच्या डोक्याव बदामातून फुला परतील!" मग म्हणाले, "बरा. एक सीन, पंधरा दिवस. न्हाय जमला तर टेपा मुंबईला."

सॉफ्टवेअर तिचं जुनंच, लग्नाचं. डिस्क एवढीशी. म्हणून तिनं आधी सगळ्या टेपांच्या अंधुक, हलक्या प्रती उतरवल्या. कुठल्या टेपवर कितव्या मिनिटाला काय आहे ते लांबड्या वहीत लिहिलं, आणि निवडलेले तुकडेच पुन्हा चांगल्या दर्जात घेतले. मोठमोठे लोकही असंच करतात, हे मी नंतर वाचलं. ती लग्नसराईत डिस्क पुरत नाही म्हणून शिकली होती.

अडचण लूमची होती. शॉट बदलला की मागचा ठेका तुटायचा. तो जुळला की नाही हे सांगायला तिनं तात्यांना बसवलं. तात्या तिचे वडील. तीस वर्षं जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करणारे. त्यांना जेवायला तीन हाका माराव्या लागत, पण चाळीस लूमांतला एक अडखळला की मान वर! पोरीनं केलेली एकही कॅसेट त्यांनी कधी पाहिली नव्हती. आताही ते भिंतीकडे तोंड करूनच बसले. "चित्र बघला का कान झोपतो," म्हणाले.

सीन सुरू झाला की त्यांचं बोट वर जायचं. "परला!" म्हणजे लूम बंद पडला. पहिल्या दिवशी एकोणीस वेळा बोट वर गेलं, आणि सीनमध्ये कटही एकोणीसच होते. निशा एकेक कट मागेपुढे सरकवून ठोक्यावर आणायची आणि खालून एकाच लूमचा आवाज सलग अंथरायची. पुन्हा सीन, पुन्हा बोट. मी वैतागलो. "अगं, प्रेक्षक काय जॉबर आहेत?"

"भिवंडीचे तर आहेत ना, सर."

पंधराव्या दिवशी शेठ आले आणि खुर्चीत ऐसपैस बसले. तात्या भिंतीकडे तोंड करून. सीन सुरू झाला. मुलगा सांगतो, मी चाललो, परत येणार नाही. आई भांडते, भांडी आपटते. लूम चालूच. सहा मिनिटं झाली तरी बोट वर गेलं नाही. मग आई गप्प झाली, नुसती त्याच्याकडे बघत राहिली. आणि तात्यांचं बोट वर गेलं.

"परला ना?" शेठ लगेच म्हणाले. निशा स्वतःच्या हातांकडे बघत बसली.

तात्या पहिल्यांदाच वळले. "परला न्हाय. धागा तुटून लूम परतो तवा मधीच आचका देतो. ह्याचा धोटा पार टोकाच्या पेटीत गेला, मंग थांबला. ह्यो कोनीतरी हातानी बंद केलाय." त्यांनी पोरीकडे पाहिलं. "तूच केलास ना गो?"

"आई गप्प झाली ना, तात्या. म्हणून."

शेठनी उगीचच चष्मा पुसला. "पुढचा सीन कवा दावतेस?" त्यांनी विचारलं.

निशा उत्तर देणार तोच तात्यांनी खुर्ची ओढून पडद्यासमोर आणली.

"थांब. आधी ह्योच परत लाव," ते म्हणाले. "आता बघतो."