मदत मागायची म्हटलं की आमची ऐपत वाढते

माझ्या धाकट्या बहिणीने, मुक्ताने, अमेरिकेतल्या एका कॉलेजला अर्ज केलाय. निकाल अजून यायचाय. किस्से मात्र आधीच ढिगाने जमलेत! आमच्या देवळाली प्रवऱ्यात शिकायला निघणारं एक असतं आणि अक्कल शिकवायला अख्खी भावकी.

मामला साधा आहे. तिकडची काही कॉलेजं परदेशी मुलांनाही घरची ऐपत बघून फी, राहणं, जेवण असा सगळा खर्च देतात. ऐपत कमी, तर मदत जास्त. पूर्ण मदत मिळाली तर मुक्ता जाणार, नाहीतर नाही. यात न कळण्यासारखं काय आहे? आमच्या मोठ्यांना विचारा!

*

पहिला भडका नानांचा. नाना म्हणजे थोरले चुलते. घरात शेवटचा शब्द त्यांचा, आणि पहिलाही.

"मदत? आपलं घर कुनाम्होरं हात पसरत न्हाई!"

मी म्हटलं, "नाना, दारातला ट्रॅक्टर सबसिडीवर घेतलाय. ठिबकही सबसिडीवरच."

"ती सरकारची हाय. ती घ्यायची असती!"

*

मग काष्टीची आत्या आली. तिच्या मुलाला डोनेशन भरून इंजिनिअरिंगला घातलंय, त्याचा तिला केवढा अभिमान! तो तिसऱ्या वर्षी अजून पहिल्याच वर्षाला आहे, ती गोष्ट वेगळी.

"मुक्ताला किती डोनेशन सांगितलंय?"

"आत्या, तिथे उलट कॉलेजच पैसे देणार."

आत्याने बशी खाली ठेवली. मुक्ताच्या पाठीवरून हात फिरवला.

"मग नीट चौकशी कर बाई. कुनी जात नसंल तिथं!"

*

अर्जात वडिलांचं उत्पन्न भरायचं होतं. आमचे अप्पा कधी चिडत नाहीत, फारसं बोलतही नाहीत. लॅपटॉपसमोर बराच वेळ बसले आणि हळूच मला म्हणाले, "कोन्तं टाकू? तहसीलच्या दाखल्यातलं, का तुझ्या सोयरिकीत नानांनी सांगितलेलं?"

सोयरिकीत! मला न विचारता! पण तो राग मी बाजूला ठेवला.

"खरं टाका, अप्पा."

"खरं आजपतुर कुनी इचारलंच न्हाई गं."

उसाची बिलं आणि खताच्या पावत्या काढून मी आणि मुक्ताने खरा आकडा काढला. तो बघून अप्पा उठले आणि गोठ्यात गेले. जनावरांना वैरण आधीच टाकलेली होती.

*

शिफारसपत्र ज्युनिअर कॉलेजच्या प्राचार्यांनी लिहिलं. आधी पाठवून टाकलं, मग मोठ्या कौतुकाने मला दाखवलं. मजकूर असा, की सदर कुटुंब परिसरात प्रतिष्ठित व सधन असून त्यांना कशाचीही ददात नाही!

माझं डोकंच फिरलं. "सर, अहो मुक्ता मदत मागतेय! आणि तिच्याबद्दल यात एक ओळ नाही!"

सर दुखावले. "अगं, घराण्याचं लिहिलं म्हणजे तिचं आलंच की त्यात!"

नानांनी ते पत्र कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि चार ग्रुपवर टाकलं.

*

साहजिकच कॉलेजला प्रश्न पडला. अर्जात ऐपत नाही आणि पत्रात सधन? मदत देणाऱ्या विभागातल्या बाईंनी कळवलं, पालकांशी व्हिडिओ कॉलवर बोलायचंय.

अप्पा बसले. शेजारी नाना, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि बोटात अंगठ्या. कुणी बोलावलं होतं त्यांना? मराठीचं इंग्रजी करायला मुक्ता. अप्पा बारावी झालेत, इंग्रजी बोलत नाहीत, पण कळतं. नानांना ओ की ठो कळत नाही.

बाईंनी विचारलं, दरवर्षी घरून किती खर्च उचलता येईल?

अप्पा तोंड उघडायच्या आत नाना पुढे सरसावले. "सांग बाईला, पैशाची कायबी फिकीर करू नका म्हनावं. पोरगी खानदानी हाय!"

संपलं सगळं, मला वाटलं.

मुक्ता स्क्रीनकडे वळली आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "हे माझे काका. त्यांचा माझ्यावर जीव आहे. पण माझ्या वडिलांकडे विमानाच्या तिकिटापुरते पैसे आहेत. त्यापुढे काही नाही."

बाई हसल्या, त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. बाई हसल्या म्हणून नानाही हसले. अप्पांना कोपर मारून म्हणाले, "काय रं, बराबर सांगितलं का पोरीनं?"

अप्पांनी मुक्ताकडे पाहिलं.

"शब्द न् शब्द, नाना."