आत्यासाठी केलेली मेणबत्ती

काल नातीने मेणबत्ती लावली. कपूरकाचरीसारखा वास आला आणि मी मनाने भिवपुरीजवळच्या आमच्या लहानपणच्या घरात जाऊन बसले.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते, रॉकेल मिळत नव्हतं. आमच्या शेतावरून विजेच्या तारा मुंबईकडे जायच्या, घरात मात्र काळोख. वडील माथेरानच्या हॉटेलातून मेणबत्त्यांची थोटकं आणायचे. मी ती वितळवून, वात धरून पपईच्या पोकळ देठात ओतायची आणि नव्या मेणबत्त्या करायची.

देवी येऊन डोळे गेलेली आत्या रोज तिन्हीसांजेला विचारायची, "दिवा लागला काय गं?" हो म्हटलं की हात जोडायची. तिला विचारावं लागू नये म्हणून मी मेणाला वास द्यायचं ठरवलं. गुलाबपाण्याने ज्योत तडतडली. चाफ्याच्या पाकळ्या करपल्या. मग कपूरकाचरीची सुवासिक मुळं खोबरेलात उकळून, ते तेल गाळून घातलं. त्याने मेण मऊ पडलं, म्हणून ठाकरवाडीच्या बाईकडून मधाच्या पोळ्याचं मेण घेऊन मिसळलं.

त्या संध्याकाळी आत्याने विचारलं नाही. वास येताच हात जोडले. तेवढ्यात वाऱ्याने मेणबत्ती विझली. मी उठायला लागले, तर आईने गुपचूप माझा हात दाबला. आत्याला कळू नये, एवढंच तिच्या मनात.

"इझली गं ती," विझल्या वातीचा धूर हुंगून आत्या शांतपणे म्हणाली. "लावा परत. मला काय, तुमाला दिसाया पायजे."

एवढा खटाटोप तिच्यासाठी केला आणि ती "मला काय" म्हणते, म्हणून तेव्हा मी हिरमुसले होते. आता माझीही नजर गेली आहे. नात पुस्तक घेऊन बसली, पानं उलटल्याचा आवाज आला, की मी विचारते, "दिवा लागला का गं?"