न चाखता रांधणाऱ्या आत्या

“न चाखताच रांधती म्हणं! आन् वर चांदीचं पदक घेती!”

भोरच्या शेती-प्रदर्शनातल्या स्वयंपाकाच्या स्पर्धेत शेजारच्या चुलीवरची बाई सोबतिणीला सांगत होती. आत्यांनी मान वळवली नाही. घेवडा सोलता सोलता त्या एवढंच म्हणाल्या, “तुमी चाखा की बायांनो. आमी कुठं नको म्हनलं?”

माझे वडील भाटघरच्या धरणावर ओव्हरसियर होते. पुण्याच्या इंग्रजी शाळेला सुट्टी लागली की मी तिकडे जायची. तिथल्या सरकारी बंगल्यात आत्या स्वयंपाक करत. साहेबांपासून माळ्यापर्यंत सगळे त्यांना आत्याच म्हणत. त्यांचं खरं नाव मला त्या गेल्या वर्षी वारल्या तेव्हा कळलं.

त्या सकाळी आधी रानात जाऊन येत, मग काय शिजवायचं ते ठरवत. पाहुण्या साहेबांनी कोबी मागितला तर म्हणत, “कोबी ऱ्हायला पुण्याला. हितं आज भारंगी हाय.” साहेब ती पालेभाजी निमूट खात आणि पुन्हा मागून घेत.

आत्या वेल्ह्याकडच्या, तोरण्याच्या पायथ्याच्या. नवं पीक गावदेवीला दाखवल्याशिवाय त्यांच्या गावात कुणी तोंडात घालत नसे. प्रदर्शन मात्र त्या नैवेद्याच्या आधीच भरे. म्हणून स्पर्धेचा नव्या तांदळाचा भात त्या वासावर शिजवत. वासावरून मीठ कसं कळतं, याचं मला फार कुतूहल. मी विचारलं नाही; मी काहीच विचारत नसे. दाराशी उभी राहून बघे. एकदा न वळताच म्हणाल्या, “मीठ पडलं की वाफ जड हुती. ये, हुंग.” मी हुंगलं. मला नुसता भाताचाच वास आला.

त्यांनी वाढलेल्या प्रत्येक पदार्थाला मी “छान” म्हणे. “तुजं छान म्हंजी दार लावून घेनं हाय, ताई,” त्या म्हणायच्या. “काय बिघडलं त्ये सांगत जा. चांगलं झाल्यालं मला ठावं असतं.”

त्या वर्षी धरणावर नवे साहेब आले होते. त्यांना मुंबईचा खानसामा आणायचा होता. पदक पुन्हा मिळालं तर बाई राहतील, नाहीतर दिवाळीनंतर गावी जातील, असं त्यांनी व्हरांड्यात सगळ्यांदेखत सांगून टाकलं. गावी आत्यांना ना घर होतं, ना शेत.

आणि नेमकं प्रदर्शनाच्या दिवशी त्यांना पडसं झालं. घेवड्याच्या भाताला उकळी आली. त्यांनी झाकण सरकवलं, डोळे मिटले, हुंगलं. पुन्हा हुंगलं. नाक चोंदलेलंच. मदतीला आलेल्या दोघी त्यांच्याच गावच्या, त्याही चाखणाऱ्या नव्हत्या. भातातलं पाणी आटत चाललं. शेवटी आत्यांनी त्यातलंच पळीभर पाणी फुंकून निववलं आणि माझ्यापुढे धरलं.

“तुला न्हाई आमचं बंधन. सांग.”

मी चाखलं. आजूबाजूच्या बायका हातातलं काम सोडून बघत होत्या.

“छान आहे,” मी म्हणाले.

आत्या हलल्या नाहीत. लाल झालेलं नाक, पाणावलेले डोळे, हातात तशीच धरलेली पळी. शेजारची फिसकन हसली. माझे कान तापले, आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मी म्हणाले,

“आत्या, मीठ घालायचंच राहिलंय!”