मठपती सरांची सराई

मठपती सरांच्या घरी मी मुक्कामाला आलो, तेव्हा बरेच दिवस त्यांनी मला माझं नावच विचारलं नाही. सेलूच्या शाळेत गणित शिकवायला मी नवा रुजू झालो होतो आणि खोली मिळेपर्यंत हेडमास्तरांनी मला त्यांच्या गळ्यात बांधलं होतं. "पाहुणे, पाणी घ्या. पाहुणे, भाकर गरम हाय." वयामुळे विसरत असतील म्हणून मी सोडून दिलं. शेवटी चिडून म्हणालो, "सर, मला नाव आहे."

"असंल की," ते शांतपणे म्हणाले. "ते तुमी सांगावं. आमी विचारायचं नसतंय."

ही त्यांची सराईची रीत होती; जुन्या सराईत, म्हणजे धर्मशाळेत, वाटसरूला कुणी नाव विचारत नसे. सर निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले, इतिहासाला तवारीखच म्हणत. लढायांवर त्यांचा जीव नव्हता. जुन्या सराया, मठांतलं अन्नदान, दर्ग्यांचे लंगर आणि बिदरच्या एका सुलतानानं बांधलेला शिफाखाना, म्हणजे दवाखाना, यांवर मात्र ते आठवडा आठवडा बोलत. पुस्तकात त्यावर जेमतेम दोन ओळी असायच्या. बिचारी पोरं पानिपत न शिकताच परीक्षेला बसायची.

"सुलतानाचं नाव लिहिलंय, शिफाखान्याच्या खर्चाला त्यानं गावं लावून दिली तेबी लिहिलंय," ते वर्गात विचारत. "पण रोग्याची कूस कोण बदलत होतं? त्याच्या उशाला कोण बसत होतं? तवारीख लिहिणाराला त्याची फिकीर न्हाई." सरांची बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत आजारपणात गेली होती, मूलबाळ नव्हतं. मी येईपर्यंत स्टेशनजवळच्या दोन खोल्यांत ते एकटेच राहत.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात जाळपोळ उसळली. गावोगावच्या दलित वस्त्यांतली माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली. एका सकाळी स्टेशनच्या बाकावर सरांना एक बाई दिसली. सोबत सात-आठ वर्षांची मुलगी, तिचा उजवा हात भाजलेला. जळतं छप्पर अंगावर आलं होतं. सरकारी दवाखान्यात नाव-गाव विचारतील या भीतीनं बाई तिकडं जायला तयार नव्हती. सर दोघींना घरी घेऊन आले.

ओळखीच्या कंपाउंडरनं मलम दिलं आणि बजावलं, "बोटं एकमेकांना चिकटू देऊ नका. रोज उघडमीट करून घ्या, न्हाईतर मूठ कायमची आखडंल." तेव्हापासून सरांनी जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडून एकेका बोटाला वेगळी गुंडाळायला सुरुवात केली. मुलगी हात उघडायला घाबरायची. मग सर गुळाचा खडा पुढं धरायचे. "घे की गं. पण ह्याच हातानं घ्यायचा." ती रडत रडत बोटं जराशी उघडायची. त्या दिवसांत सरांचा चेहरा मी पहिल्यांदा इतका समाधानानं भरलेला पाहिला.

एकदा माझ्यासमोरच बाई सांगू लागली, "गुरुजी, मपलं नाव..." सरांनी हात वर केला. "नगं, बाई. आत्ता नगं."

ते का, हे दुसऱ्याच दिवशी कळलं. कुठल्याशा गावची माणसं घरमालकाला घेऊन दारात उभी राहिली. कोण बाई, कुठली, कुणाची, असा मारा सुरू झाला. सर उंबऱ्यात उभे होते. "मला ठाऊक न्हाई." त्यांनी गळ्यातलं शिवलिंग मुठीत धरून तेच पुन्हा सांगितलं. हा माणूस तशी शपथ खोटी घेणार नाही हे सगळ्या सेलूला माहीत होतं. माणसं चरफडत गेली. घरमालकानं मात्र खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या.

ते ऐकून बाई बिथरली असावी. सर दूध आणायला गेले तेवढ्यात ती पोरीला घेऊन निघून गेली. आम्ही स्टेशनवर धावलो, तर गाडी सुटून गेली होती. पोरीचा हात अजून बरा झाला नव्हता.

त्यानंतर मला वेगळी खोली मिळाली आणि सर कापसाच्या जिनिंगमागच्या एका खोलीत राहायला गेले. शाळेत त्यांच्याशी बोलणारे कमी झाले. रविवारी ते ताडकळसच्या बाजाराला जायचे आणि कासाराच्या दुकानाशेजारी बसून राहायचे. बायकापोरी बांगड्या भरायला हात पुढं करत आणि सर ते हात पाहत. लोक काय बोलले असतील ते सांगायला नको. म्हाताऱ्याला चळ लागला म्हणाले. शेवटी कासारानंच हात जोडले, "गुरुजी, गिऱ्हाईक तुटायलंय. दुसरीकडं बसा." तेव्हापासून ते दुसऱ्या बाजारांना जाऊ लागले, सेलूपासून येलदरीपर्यंत. मी एकदोनदा सोबत गेलो. इतक्या गर्दीत इतका एकटा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

नामांतर व्हायच्या आधीच सर गेले. परभणीच्या दवाखान्यात मी त्यांच्या उशाला होतो. छताकडं बघत ते म्हणाले, "ती सांगत होती हो. मीच थांबवलं. नाव असतं तर शोधता आलं असतं."

"नाव कळलं असतं तर त्या दिवशी दारात तुम्हाला खोटं बोलता आलं नसतं, सर. त्या दोघी वाचल्या नसत्या."

"तेबी खरंच हाय." त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. मग हळूच विचारलं, "पण बोटं उघडली असतील का तिची?"

"उघडली असतील, सर. नक्की उघडली असतील."

इतक्या वर्षांत सरांनी माझं कधी मन मोडलं नव्हतं. त्या दिवशी मात्र त्यांनी मान हलवली. "पुरावा न्हाई," म्हणाले, आणि भिंतीकडं तोंड केलं.