आधी मेंढा तपासा

“मेंढीला किती टोचता? आधी मेंढा तपासा की.”

भर वेटिंग हॉलमध्ये उभं राहून आमचे आबा ओरडत होते. आबा म्हणजे माझे वडील. उभा जन्म त्यांनी अजिंठ्याकडच्या डोंगरात मेंढरं राखली. त्यांनी इकडून हाक मारली की पलीकडच्या तालुक्यातली कुत्री उठून बसतात, असं मी माझ्या लग्नाच्या बैठकीतही सांगितलं होतं. त्या दिवशी जालना रोडवरच्या त्या दवाखान्याची काच हलली. निदान मला तरी हलताना दिसली.

झालं होतं असं. माझी बायको कावेरी नुकतीच एचएसजी करून बाहेर आली होती. एचएसजी म्हणजे गर्भाशयात औषध सोडून एक्स-रे काढतात. त्यात नळ्या मोकळ्या आहेत का ते दिसतं. दुखतं ते. ती पोट धरून माझ्याशेजारी बसली. तेवढ्यात सिस्टरनं फाईल उघडून “आता पुढची तपासणी...” एवढंच म्हटलं, आणि गुडघा दाखवायला शहरात आलेले आबा गुडघा विसरून उठले.

“आजोबा, बसा,” सिस्टर म्हणाली. “हिचं सगळं नॉर्मल आलंय. पुढची तपासणी यांचीच आहे.” आणि तिनं पेन माझ्याकडं केलं.

हॉलमध्ये जेवढे नवरे होते तेवढ्यांनी एकदम मोबाइलमध्ये डोकं घातलं. दहावीच्या परीक्षेला कुणी इतकं मन लावून वाचलं नसेल. मीही घातलं. माझा मोबाइल बंद होता.

आबांचं म्हणणं चूक नव्हतं. कळपात मेंढ्या गाभण राहिल्या नाहीत तर मेंढ्यांना कुणी बोल लावत नाही. मेंढ्या ढीगभर, मेंढा एकच, म्हणून संशय आधी त्याच्यावर. एवढं आबांनी हॉलला ऐकवलं. पुढचं त्यांनी सांगितलं नाही, पण मला ते पाठ होतं. तो मेंढा बाजारात जातो आणि त्याच्या जागी दुसरा येतो. मी लहान असताना आमचा शिंगाड्या असाच गेला. टकरीत त्यानं एकदा जीप मागं सारली होती. टेम्पोत चढवताना तो मागं वळून बघत होता, आणि मेंढ्या खाली मान घालून चरत होत्या. एकीनंही वर बघितलं नाही.

मी कावेरीकडं बघितलं. ती खाली मान घालून बसली होती.

भीती तिथं सुरू झाली. लग्नाला तेव्हा पाच वर्षं होत आली होती.

मी गुलमंडीत कपड्याच्या दुकानात सेल्समन आहे. साडी उलगडता उलगडता बोलणं हाच माझा धंदा. माझ्या हातून साडी घेतलेली बाई दुकानाच्या पायऱ्या उतरेपर्यंत स्वतःला राणी समजते. असल्या माणसाला एका इवल्याशा डबीची भीती वाटावी? वाटली. नमुना द्यायला दवाखान्यात वेगळी खोली होती. खोलीत भिंतीवर एका गुटगुटीत बाळाचा फोटो होता, आणि तो थेट माझ्याकडं बघत होता. मी त्याला हात जोडले आणि डबी रिकामीच घेऊन बाहेर आलो.

मग घरून आणायची परवानगी मिळाली. अट एवढीच, डबी अंगाच्या उबेत ठेवायची आणि वेळ दवडायचा नाही. म्हणून मे महिन्यात, संभाजीनगरच्या त्या उन्हात जिथं डांबर चपलेबरोबर घरी येतं, मी स्वेटर घालून मुकुंदवाडीहून रिक्षात बसलो. डबी छातीशी.

रिक्षावाल्यानं आरशात बघितलं. “भाई, मई में स्वेटर? बुखार है क्या?”

“है,” मी म्हणालो.

“फिर बीमार आदमी को झटके नको,” म्हणत त्यानं रिक्षा हळू केली. चांगला माणूस. प्रत्येक खड्ड्याला थांबून मला विचारायचा, ठीक है ना. आणि आमच्या रस्त्याला खड्डे सोडून दुसरं काय आहे?

रिपोर्ट आला. डॉक्टर मॅडमनी तो आमच्या दोघांच्या मधे टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “ॲझूस्पर्मिया. म्हणजे वीर्य आहे, पण त्यात शुक्रजंतू नाहीत.”

“कमी आहेत?” मी विचारलं.

“नाहीत. पण एका रिपोर्टवर आम्ही थांबत नाही. परत करू. आणि एक लक्षात ठेवा, याचा तुमच्या पुरुषपणाशी काही संबंध नाही. ते वेगळं, हे वेगळं.”

हे वाक्य तुमच्यापैकी ज्याला ऐकायची वेळ येईल त्यानं ते लिहून घ्यावं. कारण त्या वेळी ते कानात शिरत नाही. माझ्या कानात फक्त टेम्पोचा आवाज होता.

दुसरा रिपोर्ट तसाच आला. मग रक्ताच्या तपासण्या. त्यात एफएसएच नावाचं एक संप्रेरक बघतात. मॅडमनी समजावलं ते असं, की कारखाना काम करेनासा झाला की मेंदू त्याला जास्त जोरानं हाका मारतो, ती हाक म्हणजे एफएसएच. माझी हाक वाढलेली होती. आबांचाच मुलगा मी.

“वयात आल्यावर गालफुगी झाली होती का?” मॅडमनी विचारलं.

गालफुगी! अहो, तो तर माझा दुकानातला हुकमी किस्सा. मी सोळा वर्षांचा असताना माझं तोंड असं सुजलं की मेंढरांनी मला ओळखलं नाही. आमच्याच कुत्र्यानं मला वाड्यावरून हाकलून दिलं. माय माझ्या दोन्ही गालांना वेगवेगळी भाकर भरवायची. मॅडमच्या केबिनमध्येही मी तो सुरू केला. त्या हसल्या नाहीत.

“तेव्हा खाली सूज आली होती का?”

 आली होती. आठवडाभर मला चालता येत नव्हतं. हा किस्सा मी हजारदा सांगितला असेल, त्यातला कुत्रा दरवेळी मोठा होत गेला, पण एवढी एक गोष्ट मी दरवेळी गाळायचो. हसण्यासारखी नव्हती ना.

मॅडम म्हणाल्या, कारण बहुतेक तेच असावं. आता मार्ग असा: टेसा. म्हणजे जागा बधिर करून थेट अंडकोषातून सुईनं थोडा भाग काढायचा आणि त्यात शुक्रजंतू सापडतात का बघायचं. सापडले तर एकेक उचलून एकेका स्त्रीबीजात सोडायचा, त्याला इक्सी म्हणतात. “सापडतील असं वचन मी देत नाही,” त्या म्हणाल्या. “नाही सापडले तर दात्याचे शुक्रजंतू घेता येतात, मूल दत्तक घेता येतं. दोघांनी आधी बोलून ठेवा.”

दाता म्हणजे कोण ते त्यांनी नीट सांगितलं. मी ते आबांच्या भाषेत ऐकलं. दुसरा मेंढा.

बोलून ठेवा म्हणाल्या, पण आम्ही बोललो नाही. मी बाकी सगळं बोलायचो. जायकवाडीत नारळाच्या झाडाएवढा मासा सापडल्याचं सांगायचो, पण हे नाही. आणि कावेरी तर मुळातच कमी बोलणारी. शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवते, तिथंच तिचं बोलणं संपत असावं.

त्याच आठवड्यात ती भाचीच्या बारशाला माहेरी, पैठणला निघाली. मी बघितलं, तिनं मोठी बॅग काढली होती.

“दोन दिवसांना मोठी बॅग?”

“लहानीची चेन तुटलीय.”

मी हसून बसस्टँडवर सोडायला गेलो. एसटी हलली तेव्हा मी तिच्या खिडकीकडं बघत होतो, आणि ती तिकिटाला पैसे शोधत होती, खाली मान घालून. घरी आलो तो सरळ माळ्यावर चढलो आणि लहान बॅग काढली. चेन खरंच तुटलेली होती. तरी पटेना. मी ती बॅग मांडीवर घेऊन बसलो आणि विचार करत राहिलो, की हिनं ती मुद्दाम तर तोडली नसेल? माणूस घाबरला की असा होतो. चेनवरसुद्धा संशय घेतो.

ती दोन दिवसांनी आली. मोठ्या बॅगेत अर्धी जागा पेरूंनी भरली होती. मी इतके पेरू खाल्ले की दवाखान्यातल्यांनी एफएसएचऐवजी पेरूच मोजले असते.

आबांना मी फोनवर सांगितलं. वाटलं, आता गावाला फोनची गरज पडणार नाही, त्यांच्या आवाजानंच सगळ्यांना कळेल. पण आबा जन्मात पहिल्यांदा हळू बोलले. ते ऐकून मी जास्तच घाबरलो.

“गालफुगीला मी चुना आन हळद लावली व्हती,” ते म्हणाले. “दवाखान्यात नाय नेलं.”

मी त्यांना सांगितलं, की मॅडम म्हणाल्या नेलं असतं तरी हे टळलंच असतं असं नाही.

“व्हय,” ते म्हणाले.  मागं मेंढरं ओरडत होती.

टेसाचा दिवस आला. ऑपरेशन थिएटरबाहेर चपला काढायच्या, आत हिरवा झगा. बधिर करायचं इंजेक्शन डोळ्यांत पाणी आणतं, त्यानंतर फक्त ओढल्यासारखं वाटतं. घाबरण्यासारखं काही नाही, असं मी तुम्हाला सांगू शकतो. मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याला चावलो असतो. आत दुसरे डॉक्टर होते, पुरुष. मी त्यांना जायकवाडीच्या माशाची गोष्ट सुरू केली.

“जरा गप्प बसा,” ते म्हणाले. “तुम्ही बोलता तेव्हा सगळंच हलतं.”

काढलेला भाग शेजारच्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली जातो. मधे एक छोटी खिडकी. पहिल्या बाजूचा गेला. खिडकीतून एका मुलीनं मान हलवली. नाही.

“दुसऱ्या बाजूनं बघू,” डॉक्टर म्हणाले.

त्या वेळी मी पहिल्यांदा खरोखर गप्प झालो. छतावर एक दिवा होता. मला तो टेम्पोच्या दिव्यासारखा दिसत होता. आयुष्यभर मी राईचा डोंगर करून विकला, आणि आता देवाकडं मागत काय होतो, तर डोळ्यांना न दिसणारी एक शेपटी. एक तरी हलू दे.

खिडकी उघडली. “सर, आहेत. थोडे आहेत, पण हलतायत.”

ते गोठवून ठेवले. पुढं पहिली इक्सी झाली आणि ती फसली. आता दुसऱ्या खेपेची तयारी चालू आहे. हे लिहितोय तेव्हा आमच्या घरात पाळणा नाही, आणि भीती गेलीय असं म्हणालो तर ती माझी सगळ्यात मोठी थाप होईल. पण दोन गोष्टी थापा न मारता सांगतो. तपासण्या दोघांच्या एकाच वेळी करा, बाईला आधी टोचत बसू नका. आणि घरातल्या वाढत्या मुलाला गालफुगी होऊन खाली सूज आली, तर हळद-चुना राहू द्या, त्याच दिवशी डॉक्टरकडं न्या. त्या मॅडमचे, त्या खिडकीतल्या मुलीचे, आणि ज्यानं खड्ड्यांत माझं काही बिघडू दिलं नाही त्या रिक्षावाल्याचे उपकार आहेतच. हॉलमध्ये ओरडल्याबद्दल आबांचेही.

त्या दिवशी थिएटरमधून मी फेंगड्या चालीनं, अनवाणी बाहेर आलो. कावेरी बाकावर बसली होती. मी तिला सांगू लागलो, की लाखो सापडले, डॉक्टर उभे राहून टाळ्या वाजवत होते. ती म्हणाली, “थोडे सापडले. सिस्टरनी सांगितलं मघाशीच.”

मग मी तिच्याशेजारी बसलो, आणि इतके महिने पोटात धरून ठेवलेलं विचारून टाकलं. आवाज माझा नव्हता, आबांच्या फोनवरच्या आवाजासारखा होता.

“आणि नसते सापडले तर? तर तू काय केलं असतं?”

तिनं बाकाखालून माझ्या चपला ओढल्या आणि पायांपुढं ठेवल्या.

“घरी गेलो असतो दोघं. चप्पल घाला, फरशी गार आहे.”