हाताचा गुण

माझ्या वडिलांच्या हाताला गुण आहे असं आमच्या माण तालुक्यात सगळे म्हणायचे, आणि तेही तोंडदेखलं नाही. लंगडणारी मेंढी, अडलेली शेळी, पोट फुगलेलं कोकरू घेऊन लोक दोन-दोन गावं ओलांडून आमच्याकडे यायचे. आबा जनावराच्या पाठीवरून हात फिरवायचे आणि दुखणं कुठं आहे ते सांगायचे. त्या हाताकडे बघत मी मोठी झाले, शिकले, इस्लामपुरात शाळेत विज्ञान शिकवायला लागले. त्या हातावरचा माझा विश्वास मधे कधी उडाला, ते मात्र मला सांगता येणार नाही.

आई गेल्यावर आबांनी मेंढरं विकली आणि ते माझ्याकडे राहायला आले. माझा नवरा नोकरीपायी परगावी, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. लेकीच्या घरी राहणं त्यांना जड जायचं. जेवताना दुसरी भाकरी मागायचे नाहीत, पंखा मी लावला तरच लागायचा. दिवसभर ओट्यावर बसून उसाचे ट्रॅक्टर बघायचे. काही तरी करायला दे म्हणून माझ्या मागे लागायचे आणि मी म्हणायचे, "आबा, बसा की आता निवांत." माणसाला निकामी करायचं असेल तर असं प्रेमानं बोलावं.

अशात ती मांजरी आली. मातकट रंगाची, अर्ध्या शेपटीची. कळपातल्या मेंढीला रंगावरून हाक मारतात, तशी आबा तिला भुरी म्हणायला लागले. ती त्यांच्या घोंगड्यावर झोपायची, त्यांच्या ताटाशी बसायची. आबा तिच्याशी इतकं बोलायचे की मला कधीकधी चक्क हेवा वाटायचा. माझ्याशी ते हवापाण्याचं बोलायचे. तिच्याशी आईबद्दल बोलताना मी त्यांना स्वतः ऐकलंय.

मग घरात पिसवा झाल्या. माझ्या पायांवर लाल गांधी उठल्या. मी दोन-तीनदा फणफणले आणि एका सकाळी शाळेत निघताना आबांना स्पष्टच सांगितलं, "या पिसवा गेल्या नाहीत तर मांजर जाईल. मी सोडून येईन लांब कुठं तरी." बोलायचं म्हणून बोलले होते. मला घाई होती, आणि घाईत माझी जीभ नेहमीच तिखट होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भुरी स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर उडी मारायला गेली आणि धप्पकन खाली पडली. उठायला गेली तर मागचे पाय एकीकडे सरकले. बघता बघता तिच्या पायांत पेटके यायला लागले. पंजे आवळून ताठ व्हायचे, सुटायचे, पुन्हा आवळायचे. पाठीवरची कातडी सारखी थरथरत होती आणि तोंडातून लाळ गळत होती.

"अंगावरनं वारं गेलंय गं हिच्या," आबा म्हणाले. त्यांनी एरंडेल कोमट केलं आणि मागच्या पायांना चोळायला घेतलं. मेंढीचे पाय आखडले की ते हेच करायचे. बोलत बोलत चोळायचे, "आगं उठ, उठ, आसं करू न्हाई." ते चोळणं बघून माझं डोकं फिरलं.

मी शाळेत रजा कळवली, भाजीच्या टोपलीत जुनी साडी घातली आणि तिला उचललं. इथला सरकारी दवाखाना गाई-म्हशींचा, मांजराचा डॉक्टर सांगलीला. आबा पायात वहाणा सरकवत म्हणाले, "मी बी येतो."

"तुम्ही कशाला? तिथं तुम्हाला काय कळणार आहे?"

ते वाक्य मी दारातूनच, मागे न बघता बोलले. आबा घरी राहिले.

वडापच्या जीपमध्ये चौघांच्या सीटवर पाचवी म्हणून बसून, टोपली मांडीवर धरून मी सांगलीला पोचले. तिथले डॉक्टर तरुण होते आणि शांत होते. त्यांनी पंजे दाबून बघितले, गार आहेत का ते तपासलं. म्हणाले, कधी रक्ताची गाठ अडकून मांजराचे मागचे पाय जातात, पण तसं दिसत नाही. क्षार कमी झाले तरी असं होतं. मग त्यांनी विचारलं, "अंगाला काही लावलंय का? पिसवांचं औषध, फवारा, गुरांचं काही?"

"छे! आमच्या घरात तसलं काही नसतं."

"तेलकट लागतंय अंग."

"एरंडेल आहे ते. वडिलांनी चोळलंय. जुनी माणसं, काय सांगायचं!" असं म्हणून मी हसले. डॉक्टरही हसले. दोन शिकलेली माणसं एका अडाणी माणसाला हसली, एवढंच त्या खोलीत झालं.

डॉक्टरांनी रक्त घेतलं, सलाईन लावलं, पेटक्यांवर एक इंजेक्शन दिलं. त्या वेळात आबांचा फोन दोनदा आला. ते सहसा फोन करत नाहीत, त्यांना नंबर शोधायला वेळ लागतो. मला वाटलं, कशी आहे, कवा येतीस, हेच विचारणार. मी दोन्ही वेळा कापला.

दुपारनंतर थरथर थोडी कमी झाली. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, उद्या सकाळी दाखवा. पण परतीच्या वाटेवर आष्ट्याच्या पुढे टोपली पुन्हा हलायला लागली, आणि घरी पोचेपर्यंत भुरीची मान मागे वळायला लागली होती. आबा फाटकात उभे होते. त्यांनी टोपलीत न बघता आधी मला विचारलं, "डॉक्टरनं आनिक औषद तर न्हाई ना चोळलं हिला?"

"कसलं औषध?"

"गोचडाचं. काल तू शाळंत गेल्यावर पुसून काढली की हिला. कातरल्यावर मेंढरास्नी लावतो, त्येच. तू म्हनलीस, पिसवा न्हाई गेल्या तर मांजर जाईल. म्हनून तर फोन करत हुतो. म्हनलं, डॉक्टर बी त्येच लावंल, दोनदा नगं."

त्यांच्या गाठोड्यात एक बाटली शिल्लक होती. मेंढरं विकली, पण बाटली ठेवली होती. बादलीला झाकणभर घ्यायचं हे त्यांना पाठ होतं. मांजरासाठी त्यांनी तांब्याभर पाणी घेतलं आणि झाकण अंदाजानं भरलं. आयुष्यभर त्या औषधानं एक मेंढी दगावली नव्हती. पण मेंढी मांजरासारखी स्वतःला चाटत बसत नाही. आणि मांजराला ते विष पचतच नाही, हे मला डॉक्टरांनी पुढच्या पाच मिनिटांत फोनवर सांगितलं. भांड्याच्या साबणानं धुवा, पाणी जेमतेम कोमट, गरम नको, पुसा आणि लगेच घेऊन निघा.

आम्ही मोरीत तिला धुतलं. आबांनी धरली, मी साबण लावला. फेस पिवळट निघत होता, एरंडेलाचा आणि औषधाचा वास एकत्र येत होता. दुसरं पाणी घालताना तिचे पाय एकदम ढिले पडले. आबांना माझ्या आधी कळलं. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

रागात माझी शाळेतली भाषा गळून पडली. मी ओरडले, "तुमीच मारली तिला! तुमीच!"

तिन्हीसांजेला आबांनी मागच्या पेरूखाली खड्डा काढला, तिला घोंगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलं आणि माती ओढली. मी डॉक्टरांना कळवायला फोन केला. ते हळहळले. म्हणाले, "सकाळी कळलं असतं तर आधी धुतली असती, झटक्यांचं वेगळं औषध दिलं असतं. बहुतेक वाचली असती." मी फोन ठेवला आणि ते वाक्य माझ्यापाशीच ठेवलं.

याला आता आठ-नऊ महिने झाले. आबा कमी जेवतात. ताटावर बसण्याआधी कोपरापर्यंत साबणानं हात धुतात, कितीदा तरी. मध्यंतरी पलीकडच्या गल्लीतली एक बाई लंगडती शेळी घेऊन आली. पूर्वी आबा ताट सोडून उठले असते. आता ओट्यावरूनच म्हणाले, "माज्या हाताचा गुण गेलाय, बाई. डॉक्टरला दावा." ती माझ्याकडे बघायला लागली. मी आत निघून आले.

परवा चहा पिताना त्यांनी मान खाली घालूनच विचारलं, "पोरी, डॉक्टरला सकाळीच कळलं आसतं, तर जगली आसती का गं ती?"

इतके महिने त्यांनी हा प्रश्न धरून ठेवला होता. उत्तर माझ्या तोंडाशी होतं. दोन कापलेले फोन, दारातलं ते वाक्य, डॉक्टरांसमोरचं हसू, सगळं एका दमात सांगता आलं असतं.

मी मायेनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "नाही आबा. ते औषध एकदा अंगाला लागलं की डॉक्टरांच्याही हातात काही राहत नाही."

"व्हय," ते म्हणाले. कप खाली ठेवला आणि दोन्ही हात घोंगड्याखाली ओढून घेतले.