हातावरचे अशुद्धलेखन

साठी ओलांडलेल्या मराठीच्या शिक्षकाने हातावर गोंदवून घेऊ नये, असा नियम कोणत्याही व्याकरणात नाही. तो असावा, असे माझे आता मत झाले आहे.

प्रथम कारण सांगतो, नंतर कृती. (वर्गातही मी याच क्रमाने शिकवीत असे.) माझी पत्नी मंदा गेल्या हिवाळ्यात वारली. तिच्या मनगटावर, लहानपणी तिच्या आईने गोंदवलेली, हिरवट पडलेली एक तुळस होती. दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढे बरोबर येते, असे ती म्हणे. ही समजूत आहे, पुरावा नाही, असे मी तिला दर वेळी शांतपणे समजावून देई. स्मशानात तिच्या बांगड्या काढून माझ्या हातात ठेवल्या गेल्या. तुळस मात्र कोणालाही काढता आली नाही. तिचे म्हणणे निदान त्या टप्प्यापर्यंत सिद्ध झालेले मी समक्ष पाहिले.

तेव्हापासून मला एका गोष्टीने ग्रासले. परलोकावर माझा विश्वास नाही. परंतु तो निघालाच, तर तिथे तिने मला ओळखावे कशावरून? माझ्या अंगावर खूण म्हणावी अशी एकही गोष्ट नाही. तेव्हा ठरवले की, तिचेच बोल हातावर गोंदवून घ्यावेत. ते निवडायला विचार करावा लागला नाही. दूध उतू गेले, "असू दे." जावई दिवाळसणाला आला नाही, "असू दे." तपासणीचे कागद वाचून डॉक्टरांनी नजर चुकवली, तेव्हाही ही त्यांनाच म्हणाली, "असू द्या, डॉक्टर." लोकांना जे कळण्यासाठी मोठमोठे ग्रंथ वाचावे लागतात, ते तिने दोन शब्दांत आटोपले होते. ते दोन शब्द शुद्ध स्वरूपात बरोबर न्यावेत, एवढीच माझी इच्छा होती.

दौंडमध्ये मला सगळे ओळखतात. म्हणून मी माझ्या मेव्हण्याला, म्हणजे मंदाच्या धाकट्या भावाला, संपतला फोन केला. तो कारेगावला राहतो आणि तिथल्याच एका कारखान्यात नोकरी करतो.

"दाजी, तुम्ही काळजीच करू नका," तो म्हणाला. "हितं पिंटू म्हणून एक हाय. निम्मी कंपनी त्याच्याकडनं हात रंगवून घेती."

पिंटू बिहारकडचा. त्याचे दुकान मोबाइलच्या दुकानावर, लोखंडी जिना चढून. भिंतीवर महादेव, सिंह, कवटी आणि पुन्हा महादेव. मी खुर्चीत आडवा झालो. त्याने सुई दाखवली आणि मी तत्काळ मान भिंतीकडे वळवली. (सुई दिसली की मला घेरी येते. हा भित्रेपणा नसून रक्तदाबाचा विषय आहे.)

"क्या लिखना है, अंकल? फोन में बोल दीजिए, अपने आप टाइप हो जाता है."

मी भिंतीकडे पाहत, प्रत्येक वर्ण सुटा करून उच्चारला, "अ-सू दे."

"असुर दे," पिंटूने वाचले.

मी पुन्हा उच्चारले. पुन्हा असुर आला.

"आणा हिकडं," संपत म्हणाला. "दाजी, तुम्ही लई शुद्ध बोलता. त्या यंत्राला झेपत न्हाई." आणि त्याने फोन तोंडाशी धरून एका दमात सांगितले, "आसू दे."

"आ गया," पिंटू म्हणाला.

"संपत, नीट वाचून पाहा."

"आसू दे. बराबर हाय की. वर बारीक चंद्रकोर बी टाकलीय त्यानं."

इथे एक खुलासा आवश्यक आहे. सासरवाडीशी माझा तीन दशकांचा संबंध. तिकडचे कोणी 'आसू' म्हणाले की माझा कान आपोआप 'असू' ऐकतो. 'न्हाई' म्हणाले की 'नाही' ऐकतो. त्याही वेळी कानाने आपले काम चोख केले. चंद्रकोरीबद्दल मला किंचित शंका आली, पण देवाधर्माची खूण असेल, असे समजून मी म्हणालो, "असू दे."

पिंटूने सुई चालवली. मी भिंतीवरच्या सिंहाकडे पाहत विभक्तीचे प्रत्यय म्हटले. सप्तमीला पोहोचेपर्यंत काम झाले. हातावर पारदर्शक प्लास्टिक गुंडाळले. आत शाई आणि रक्त यांचा काला झालेला. "कल खोलिएगा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मंदाच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावून मी तो हात उघडला. मुलगी वैशाली पुण्याहून आलेली होती. तिने कोमट पाण्याने हात पुसला आणि पुसता पुसता थांबली.

"बाबा, हे काय लिहिलंय?"

"तुझ्या आईचे शब्द."

"आई कधी म्हणायची, आँसू दे?"

मी चष्मा लावला. 'अ'च्या जागी 'आ', आणि डोक्यावर जिला संपतने चंद्रकोर म्हटले, तो हिंदीतला चंद्रबिंदू! फोन हिंदी समजत होता; त्याने संपतचे बोलणे प्रामाणिकपणे हिंदीत उतरवले होते. अर्थ सरळ होता : अश्रू दे. कोणाकडे मागतो आहे ते मात्र कळत नव्हते. वाक्यात संबोधन नव्हते.

"पूर्ण बाह्यांचे शर्ट घाला," वैशाली म्हणाली. ते मी घातले. परंतु एप्रिलातल्या दौंडमध्ये पूर्ण बाह्या हीच एक जाहिरात असते. शेजारी एक निवृत्त रेल्वे गार्ड राहतात, मूळचे कानपूरचे. भाजी घेताना माझी बाही वर सरकली आणि त्यांनी वाचले. मराठी वाचणाऱ्याला निदान विचारावे तरी लागले असते. त्यांना सगळे एका दृष्टिक्षेपात समजले. त्यांनी माझा हात हातात घेतला.

"मास्टरजी, इतना दुख अकेले मत उठाइए."

संध्याकाळी त्यांच्या घरून खिचडी आली. दुसऱ्या दिवशीही आली. दूधवाल्याने दाराशी आवाज खाली आणून सांगितले, "गुरुजी, घरात एकटं बसत जाऊ नका. इहीर-बिहीर दिसली तर लांबनं जावा." एका माजी विद्यार्थ्याने मनाच्या डॉक्टरांचा पत्ता पाठवला. त्यात 'मानसिक'चा 'सि' दीर्घ होता. मी ते त्याला कळवले, तेव्हा माझी तब्येत अजून बरी असल्याची त्याची खात्री पटली.

दिवसा हे सारे निभावता येई. पण दिवेलागणीला तसबिरीसमोर बसलो की हात पाठीमागे जाई. दोन शब्द बरोबर न्यायचे होते, तेही मला धड उतरवून घेता आले नव्हते.

शेवटी संपतला घेऊन पुन्हा कारेगावचा जिना चढलो. पिंटूने हात उलटसुलट करून पाहिला.

"मिटेगा नहीं, अंकल. ऊपर से शेर बना दूँ?"

"शेर नको. मला 'अ' हवा आहे."

"आता कशाला 'अ'?" संपत कंटाळून म्हणाला. "ताई आसूच म्हणायची."

"चूक. ती स्पष्ट 'असू' म्हणत असे. मी तीस वर्षे ऐकले आहे."

"ते तुमच्यापुढं."

"पुरावा?" मी विचारले. त्याने खिशातून फोन काढला, बराच वेळ जुने निरोप चाळले, आणि मंदाने कधीतरी बोलून पाठवलेल्या निरोपातला तिचा आवाज त्या दुकानात, कवट्या-सिंहांच्या मध्ये, आला.

"आसू दे रं संपत. न्हाई जमलं यायला तर न्हाई जमलं. माझं बी सर्दीनं डोकं धरलंय. बरं, ठिवते आता. हे आले वाटतं. नीट बोलाया लागंल."

हा आवाज माझ्या घरात, माझ्या पाठीमागे, इतकी वर्षे नांदत होता आणि माझी चाहूल लागताच तो शुद्ध होत होता.

"पुन्हा लाव," मी म्हणालो.

संपतने पुन्हा लावला. 'आ' स्वच्छ दीर्घ होता. शिवाय सर्दीने आवाज नाकात गेल्यामुळे तो पूर्ण अनुनासिक उमटत होता. म्हणजे चंद्रबिंदूसुद्धा रास्त होता! पुढचा काही वेळ माझ्या हातावरचा मजकूर दोन्ही अर्थांनी बरोबर ठरला. पिंटूने मला एक टिश्यू पेपर दिला आणि संपतने उगाच खिडकीबाहेर पाहिले.

"तो शेर कैन्सल?" पिंटूने हळूच विचारले.

"कॅन्सल," मी म्हणालो. "मजकूर अचूक आहे."

आणि जिना उतरता उतरता मागे वळून, न राहवून, त्याला हेही सांगितले की, दोन शब्दांमध्ये त्याने अंतर मात्र जरा जास्त सोडले आहे.